निरोप नसलेला जासूद

आमच्या चामोर्शी तालुक्यात धावणारा मनुष्य दिसला की लोक प्रथम त्याच्याकडे पाहत नाहीत. ते त्याच्या पाठीमागे पाहतात. जंगलपट्टीतला हा जुना शिरस्ता आहे, आणि त्यात कुतूहलापेक्षा व्यवहारज्ञानाचा अंश अधिक आहे. कारण मागे अस्वल असेल तर आपणही धावावे, एस. टी. असेल तर तिला हात दाखवावा, आणि वसुलीचा मनुष्य असेल तर धावणाऱ्यास बोळ दाखवून आपण मुकाट्याने पान लावीत बसावे, असे त्रिविध कर्तव्य प्रसंगपरत्वे आम्हांस करावे लागते. मागे काहीच नसताना मनुष्य धावत आहे, असा प्रसंग मात्र आमच्या पूर्वजांच्या अनुभवात आला नसावा; निदान त्यासंबंधी कोणती म्हण अथवा कोणता तोडगा त्यांनी मागे ठेवलेला नाही.

या नियमास अलीकडे एकच अपवाद मान्य झाला आहे, तो भरतीचा. पोलीस शिपायाच्या भरतीत पुरुषांस 1600 मीटर आणि स्त्रियांस 800 मीटर धावावे लागते. वनरक्षकाच्या भरतीत हेच अंतर पुरुषांस 5 आणि स्त्रियांस 3 किलोमीटर होते. आणि ज्या जिल्ह्यात कारखान्याच्या भोंग्यापेक्षा मोराची केका अधिक ऐकू येते, त्या जिल्ह्यातल्या तरुणांपुढे सरकारी नोकरीचा दरवाजा हा पायांनीच उघडावयाचा असल्यामुळे, पहाटे चारच्या सुमारास आमच्या रस्त्यावरून मोबाइलच्या उजेडात मुलामुलींचे थवे धापा टाकीत जातात. दिवाळी आटोपून मंडईचे दिवस आले, की रात्रभर झाडीपट्टीचे नाटक पाहून परतणारी मंडळी आणि हे उमेदवार यांची गाठ वाटेत पडते. शेवटच्या अंकातील मृत्यूने व्याकुळ झालेले प्रेक्षक जांभया देत बाजूला होतात, आणि ‘होईल रे बाप्पा तुह्यं’ असा आशीर्वाद देऊन घरची वाट धरतात. या धावण्यास अर्थ आहे, वयोमर्यादा आहे, आरक्षण आहे आणि शेवटी निवृत्तिवेतन आहे. तेव्हा त्याविरुद्ध कोणी ब्र काढीत नाही.

अशा थव्याच्या मागे, बरेच अंतर राखून, आमचे गुरुजी धावू लागले, तेव्हा प्रथम कोणास संशय आला नाही. गुरुजी एका खाजगी संस्थेच्या शाळेत गणित शिकवितात, त्यांचे वय 46, आणि शरीरयष्टी पाहता त्यांनी आयुष्यात उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याहून जड काही उचलले असेल असे वाटत नाही. पोरांवर देखरेख ठेवण्यासाठी संस्थेने नेमणूक केली असावी, अशी समजूत करून घेऊन गाव काही दिवस स्वस्थ राहिले. पुढे उन्हाळ्याची सुट्टी लागली, पोरांची मैदानी चाचणी होऊन गेली, रस्ता ओस पडला. आणि तरीही गुरुजी धावतच राहिले. तेव्हा पानठेल्यावर त्यांना रीतसर अडविण्यात आले.

‘काय जी गुरुजी, कोणत्या खात्यात जागा निघाल्या?’

‘कोणत्याच नाही.’

‘मंग काहून धावून रायले?’

गुरुजी गणिताचे असल्यामुळे त्यांनी उत्तर सरळ दिले, आणि तेथेच घोटाळा झाला. त्यांनी सांगितले की येत्या नोव्हेंबरात ग्रीस देशात मॅरेथॉन नावाच्या गावापासून अथेन्स शहरापर्यंत 42 किलोमीटर 195 मीटर धावण्याची शर्यत आहे, तीत भाग घेण्याकरिता मी जात आहे, आणि एकटाच जात आहे. सभेत काही वेळ शांतता पसरली. 42 किलोमीटर म्हणजे अदमासे आमच्या मार्कंडा गावाहून गडचिरोलीस, जिल्ह्याच्या गावी, जाण्याएवढे अंतर, ही गोष्ट सर्वांच्या ध्यानात एकदमच आली, आणि त्या देशात बस नाही काय, असा पहिला प्रश्न उपस्थित झाला. बस आहे, रेल्वेही आहे, असे उत्तर मिळाल्यावर पगाराची चौकशी झाली. पगार नाही, उलट धावणाऱ्यानेच प्रवेशशुल्क भरावयाचे. मग पहिला नंबर आल्यास काय मिळते? ते मला ठाऊक नाही, गुरुजी म्हणाले, कारण माझा पहिला नंबर येणार नाही. कित्येक हजारांत माझा नंबर कोठे तरी खाली लागेल.

हरण्यासाठी स्वखर्चाने परदेशी जाणारा मनुष्य गावाने प्रथमच पाहिला. त्यातून महिना नोव्हेंबरचा, म्हणजे ऐन धानकापणीचा. ज्या दिवसांत म्हातारेकोतारेदेखील विळा घेऊन बांधीत उतरतात, त्या दिवसांत धडधाकट मनुष्याने सात समुद्रापलीकडे जाऊन रिकाम्या हातांनी डांबरी सडकेवर धावावे, हा विचार पचनी पडण्यास अवघड होता. आमच्याकडे परदेशगमनास विरोध आहे असे मात्र कोणी समजू नये. लेकीच्या बाळंतपणाकरिता अमेरिकेस जाता येते, हजला जाता येते, धम्मयात्रेस श्रीलंकेला जाता येते, शिष्यवृत्ती मिळवून शिकावयास तर अवश्य जाता येते. या सर्व कारणांस समाजाची पूर्वमंजुरी आहे. गुरुजींचे कारण या यादीत कोठेच बसत नव्हते, आणि ज्या कारणाचा रकाना नाही ते कारण आमच्याकडे कारणच नसते. परदेशातून मनुष्य मार्कंड्यास येतो, याचे कोणास नवल नाही. पुरातत्त्व खात्याचा कनिंगहॅम साहेब 1873–74 च्या दौऱ्यात येथे येऊन, येथली देवळे मोजून, खजुराहोशी त्यांची तुलना करून गेला, आणि तेव्हापासून आम्ही ‘विदर्भाचे खजुराहो’ ही पदवी विनातक्रार मिरवीत आहो. पण साहेब येण्याचे कारण स्वच्छ होते: त्याला त्याचा पगार मिळत होता.

खरा आक्षेप निघाला तो मात्र देवळाच्या पायरीवर. येथे वाचकांस मार्कंड्याचे माहात्म्य थोडक्यात सांगणे भाग आहे. दक्षिणेकडे वाहत जाणारी वैनगंगा आमच्या गावाशी वळसा घेऊन उत्तरवाहिनी होते, आणि त्या काठावर जो देवळांचा समूह उभा आहे त्याचा अधिपती मार्कंडेश्वर. मृकंड ऋषींच्या पोटी जन्मलेल्या ज्या पुत्रास अवघे सोळा वर्षांचे आयुष्य लिहून दिलेले होते, त्याच्या अखेरच्या दिवशी यमधर्म पाश घेऊन दारी आला असता, त्या मुलाने पळून न जाता, आरडाओरडा न करता, शिवाच्या पिंडीस कडकडून मिठी मारली. पाश पिंडीवर पडला, महादेव प्रकट झाला, यमास माघारी जावे लागले, आणि मुलगा चिरंजीव झाला. पायरीवर बसणारे एक वयोवृद्ध गृहस्थ आहेत; त्यांनी ही कथा गुरुजींस सविस्तर ऐकवून शेवटी निवाडा दिला तो असा की, ज्या क्षेत्रात जागचे न हालल्यामुळे मनुष्य अमर झाला, त्या क्षेत्रातल्या मनुष्याने धावण्याकरिता देशान्तर करावे, हे क्षेत्राच्या कीर्तीस शोभणारे नाही; आणि तुमचा तो ग्रीक धावला त्याचे पुढे काय झाले, तेही सांगा.

गुरुजींची येथे पंचाईत झाली, कारण तो ग्रीक मेला. इसवी सनापूर्वी 490 या वर्षी मॅरेथॉनच्या मैदानावर अथेन्सकरांनी इराणी फौजेचा पराभव केला, आणि ती वार्ता घेऊन एक जासूद अथेन्सपर्यंत धावत गेला, ‘आपण जिंकलो’ एवढे बोलला, आणि तेथेच गतप्राण झाला, अशी कथा आहे. जाणकार सांगतात की हेरोडोटस या जुन्या बखरकाराने हे लिहिलेलेच नाही. त्याच्या हकीकतीप्रमाणे तो जासूद लढाईपूर्वी कुमक मागण्याकरिता अथेन्सहून स्पार्टास धावला, आणि सुमारे 240 किलोमीटरांचे अंतर तोडून दुसऱ्याच दिवशी तेथे पोहोचला. त्यावर स्पार्टाच्या लोकांनी त्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेऊन, आम्ही येऊ खरे, पण पौर्णिमा होईपर्यंत आम्हांस निघता येत नाही, असे कळविले. हा भाग पायरीवरच्या मंडळींस अत्यंत आवडला. मुहूर्त पाहून लढाईस निघणारे लोक त्या देशातही आहेत हे कळल्यावर ग्रीसविषयीचा परकेपणा पुष्कळ कमी झाला. आक्षेप तसाच राहिला तो राहिलाच: पिंडीस बिलगलेला चिरंजीव झाला आणि धावलेला गेला. वन खात्याचेही या बाबतीत पुराणाशी एकमत आहे. वाघ दिसल्यास धावू नये, जागीच उभे राहून हळूहळू मागे सरकावे, असे तेही सांगते.

मला मात्र त्या चर्चेत निराळीच गोष्ट जाणवली. जुन्या काळचा तो जासूद धावला, आपल्याकडचे काशीद आणि हरकारे धावले, टपालाची थैली काठीस अडकवून आणि वाघरास कळावे म्हणून काठीला घुंगरे बांधून डाकेचे हरकारे इंग्रजी अमलात रानोमाळ धावले. त्या सर्वांच्या धावण्यापेक्षा त्यांच्याजवळचा निरोप मोठा होता. निरोप पोहोचला की धावणारा कोण होता हे विचारण्याचे कारण उरत नसे. आजचा मॅरेथॉनपटू हा निरोप नसलेला जासूद होय. त्याच्या छातीवर क्रमांक असतो, बुटास वेळ मोजण्याची चकती असते, गळ्यात पुढे पदक पडते, पण मुक्कामास पोहोचल्यावर सांगण्यासारखे त्याच्याजवळ काही नसते. आणि नवल असे की काही सांगावयाचे नाही म्हणूनच तो इतक्या निष्ठेने धावतो. निरोप असता तर त्याने फोन केला असता.

अंतराचीही गंमत आहे. 42 किलोमीटर 195 मीटर हा आकडा मॅरेथॉनच्या रस्त्यावरून निघालेला नाही. 1896 साली अथेन्सला पहिली आधुनिक शर्यत झाली ती सुमारे 40 किलोमीटरांची. 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुटावी आणि क्रीडांगणात राजघराण्याच्या बैठकीसमोर संपावी अशी योजना झाली, आणि त्या दोन ठिकाणांतले अंतर भरले 26 मैल 385 यार्ड. 1921 साली तेच कायम झाले. म्हणजे आज जगातला प्रत्येक धावणारा शेवटच्या वळणावर जो जीव टाकतो, त्यातला काही भाग इंग्लंडच्या राणीस बसल्या जागेवरून नीट दिसावे म्हणून आहे. गुरुजी वर्गात हा हिशेब फळ्यावर मांडतात आणि मुलांस मैलांचे मीटर करावयास लावतात.

घरची आघाडी गुरुजींनी सर्वांत वाईट लढविली. पत्नीची मुख्य तक्रार धावण्याबद्दल नव्हती. ती ‘एकटे’ या शब्दाबद्दल होती. मार्कंड्यात मनुष्य एकटा लग्नास जात नाही, एकटा दवाखान्यात जात नाही, बाजारातून बैल आणावयाचा तरी चौघे जातात. तिची समजूत घालावी म्हणून गुरुजींनी पूर्वी परदेशी जाऊन मॅरेथॉन धावलेल्या थोरांची चरित्रे सांगावयास घेतली, आणि उदाहरणे निवडताना त्यांची गणिती सचोटी पुन्हा आड आली. पहिले उदाहरण त्यांनी दिले ते क्यूबाच्या फेलिक्स कार्वाहालचे. हा हवानाचा टपालवाला 1904 साली अमेरिकेत सेंट लुईसला धावण्यास निघाला. वाटखर्चाचे जमविलेले पैसे न्यू ऑर्लिन्स येथे जुगारात घालवून बसला. पुढचा मार्ग कसाबसा आक्रमून पोहोचला तो लांब विजारीनिशी. कोणी तरी ती विजार गुडघ्यांवर कापून दिली. धावताना भूक लागली म्हणून वाटेतल्या बागेतली सफरचंदे खाल्ली, ती नासकी निघून पोटात कळा आल्या, तेव्हा तो रस्त्याच्या कडेला झोपला. आणि उठून पुन्हा धावून चौथा आला, असे सांगतात. वहिनींनी एवढेच विचारले, की हा मनुष्य तुम्ही मला धीर यावा म्हणून सांगितला काय?

दुसरे उदाहरण जपानच्या शिझो कानाकुरीचे. हा तरुण विद्यार्थी 1912 साली स्टॉकहोमला गेला तो जहाजाने आणि पुढे सैबेरियातून आगगाडीने. प्रवासाला 18 दिवस लागले. शर्यतीच्या दिवशी भयंकर ऊन होते. अर्ध्यावर जीव कासावीस झाला असता त्यास एका बंगल्याच्या बागेत मंडळी खातपीत बसलेली दिसली. तो आत गेला, सरबत घेतले, आणि मग शरमेने कोणासही न कळविता परस्पर स्वदेशी निघून गेला. स्वीडनच्या दप्तरी तो बेपत्ता म्हणूनच राहिला. 1967 साली त्या लोकांनी त्यास सन्मानाने बोलावून उरलेली शर्यत पुरी करून घेतली, आणि त्याची वेळ जाहीर केली ती अशी: 54 वर्षे, 8 महिने, 6 दिवस, 5 तास, 32 मिनिटे आणि 20.3 सेकंद. दरम्यान आपले लग्न झाले, सहा मुले झाली, दहा नातवंडे झाली, असे त्याने त्या प्रसंगी हसत सांगितले. वहिनी हसल्या नाहीत. गुरुजींच्या घरी त्या दिवशी रात्री वरणाला फोडणी नव्हती, असे शेजारी सांगतात.

या प्रकरणास वळण लागले ते बेळगावच्या फडेप्पा चौगुले यांच्या नावाने, आणि त्याचे थोडेसे श्रेय मी घेतो. पुण्यात 1906 साली डेक्कन जिमखाना निघाला, त्याचे अध्यक्षपद दोराबजी टाटांकडे होते; जिमखान्याच्या मैदानी शर्यतींत अनवाणी धावणारी कुणब्याची पोरे त्यांनी डोळ्यांनी पाहिली, त्यांच्या वेळा युरोपातल्या वेळांजवळ जातात हे ताडले, आणि पदरचे पैसे घालून 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा पहिला संघ रवाना केला. त्या मूठभर मंडळींत सदाशिव दातार होते, कैकाडी होते, नवले आणि शिंदे हे मल्ल होते, आणि होते आमचे फडेप्पा. ज्या मनुष्याची सारी शर्यत घाटाखालच्या आणि घाटावरच्या मातीत झालेली, त्याने आगबोटीने साता समुद्रांपलीकडे जाऊन, परक्या थंडीत, परक्या सडकेवर, पायांत बूट घालण्याची सवय नव्याने करून घेत धावावे, आणि जगातल्या नामांकितांच्या पंक्तीत 2 तास 50 मिनिटे 45 सेकंदांत एकोणिसावे यावे, ही गोष्ट माझ्या मते पुष्कळशा विजयांपेक्षा मोठी आहे. शिवाय त्या वर्षी अँटवर्पला मोजणीदारांनी सढळ हाताने काम केल्यामुळे शर्यत भरली 42 किलोमीटर 750 मीटर. ऑलिंपिकच्या इतिहासातली ती सर्वांत लांब मॅरेथॉन. म्हणजे फडेप्पा आजच्या मापाने 555 मीटर ज्यादा धावले, आणि त्याबद्दल त्यांनी कोणाकडे अर्ज केल्याचे कोठे नमूद नाही. दातारांची शर्यत पुरी झाली नाही; पण जो गेलाच नाही त्यापेक्षा जो अर्ध्यावर थांबला तो किती तरी पुढे होता.

ही हकीकत मी पानठेल्यावर सांगितली. बेळगाव आपले, हे तर आमच्याकडे लहान पोरासही ठाऊक असते. तेव्हा गुरुजींच्या कृत्यास प्रथमच काही वंशावळ मिळाली. कोणी तरी लगेच खाशाबा जाधवांचे नाव काढले. 1952 साली हेलसिंकीस जाण्याकरिता या गोळेश्वरच्या मल्लापाशी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले, आणि खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. ही गोष्ट निघताच सर्वांच्या नजरा गुरुजींच्या मुख्याध्यापकांकडे वळल्या. मुख्याध्यापक चहाचे पैसे देऊन उठले. पुढे त्यांनी दहा दिवसांची अर्जित रजा मंजूर केली, आणि घर गहाण टाकण्याच्या मानाने हे त्यांस सोयीचे पडले.

कागदपत्रांविषयी लिहावयाचे तर स्वतंत्र ग्रंथ लिहावा लागेल, आणि तोही तीन प्रतींत. मौजे मार्कंडा येथील मजकूर इसम परदेशी जाऊन खरोखर परत येईल, याविषयी युरोपास एवढी शंका का असावी हे मला कळत नाही. येथे ज्याची दीड एकर धानाची बांधी आहे, तो अथेन्सला राहून काय करणार? पण शंका होती. शाळेचे ना हरकत पत्र, बँकेच्या खात्याचा उतारा, परतीचे तिकीट, मुक्कामाची पावती, वेतनचिठ्ठ्या, आयकराचे विवरण, असा संभार जमला. बँकेच्या उताऱ्याचे दुखणे निराळे होते: पगार ज्या तारखेस येतो त्याच तारखेस पीककर्जाच्या हप्त्यापाठी निघून जातो, आणि खाते पुन्हा पूर्ववत शुद्ध होते. फोटोत चेहऱ्याने 70 ते 80 टक्के जागा व्यापली पाहिजे, असा नियम निघाला, तेव्हा ज्या छायाचित्रकाराने आजवर नवरा-नवरीच्या मागे ताजमहाल उभा केला होता, त्याला हा अन्याय वाटला. निदान मागे मार्कंड्याचे देऊळ घालू द्या, असा त्याने आग्रह धरला. व्हिसाच्या अर्जात प्रवासाचे कारण विचारलेले असते, आणि तेथे पर्यटन, व्यापार, आप्तांची भेट, शिक्षण, वैद्यकीय उपचार अशा घरांच्या रांगेत ‘क्रीडा’ असेही एक घर होते. गुरुजी त्या घराकडे किती तरी वेळ पाहत राहिले. गावाने ज्या कारणास रकाना दिला नव्हता, तो परक्या सरकारने छापूनच ठेवला होता.

विम्याने मात्र वहिनींचा राहिलेला धीर घालविला. युरोपात जाणाऱ्याने निदान 30,000 युरोंचा विमा काढावा लागतो, आणि त्यात आजारपणाबरोबर मृत्यू आल्यास देह स्वदेशी आणण्याचा खर्चही धरलेला असतो. हे कलम बारीक अक्षरांत छापलेले असते. वहिनींनी ते मोठ्याने वाचले. यमधर्माचे देऊळ मार्कंड्यास आहेच, तेव्हा त्याची ओळख आम्हांस नवी नाही. पण तो इतका आगाऊ आणि इतक्या नेमक्या रकमेसह घरात आलेला कोणी पाहिला नव्हता.

मग निरोपाचा दिवस आला, आणि त्या दिवशी माझा सिद्धान्त गावाने माझ्या देखत मोडून काढला. जासूदास निरोप नाही म्हणता काय, असे जणू मनात धरून प्रत्येकाने गुरुजींच्या हवाली काही ना काही केले. पायरीवरच्या वृद्ध गृहस्थांनी मार्कंडेश्वराचे भस्म पुडीत बांधून दिले. एकाने त्या देशात धानाचा भाव काय आहे याची बिनचूक चौकशी करून येण्यास बजावले. भरतीच्या पोरांनी बुटांच्या किमती विचारून ठेवण्यास सांगितले. एका आजीबाईंना त्यांच्या मुंबईस असलेल्या नातवास सांगावा द्यावयाचा होता की दिवाळीला आला नाहीस, निदान शिवरात्रीच्या जत्रेला तरी ये. गुरुजी मुंबईच्या विमानतळावर फक्त तीन तास थांबणार आहेत, हे त्यांना पटवून देणे कोणास जमले नाही. वहिनींनी जवसाची चटणी, भाजलेले फुटाणे आणि धानाचे मुरमुरे भरून दिले, आणि पिंडीस बिलगण्याची वेळ आल्यास तेथे पिंडी नसेल, तेव्हा मुकाट्याने चालू लागा, अशी आज्ञा केली.

पेयपदार्थांच्या बाबतीत गुरुजी सर्वस्वी निर्दोष राहिले, हे येथे नमूद केले पाहिजे. 1896 ची पहिली शर्यत जिंकणारा स्पिरिदोन लुईस हा मारूसी गावचा पाणक्या; तो वाटेत पिकेर्मी या गावी थांबून पेलाभर द्राक्षासव पिऊन निघाला आणि पुढच्या सर्वांस गाठून 2 तास 58 मिनिटे 50 सेकंदांत पहिला आला, अशी आख्यायिका आहे. ही तयारी गडचिरोली जिल्ह्यातल्या स्पर्धकास कायद्याने करता येत नाही, कारण येथे 1993 पासून दारूबंदी आहे. नदीपलीकडच्या चंद्रपुरात ती 2015 साली आली आणि 2021 साली गेली. तेव्हा त्या तीराच्या धावपटूंस लुईसचा मार्ग मोकळा आहे, आणि पुढेमागे या दोन जिल्ह्यांच्या वेळांत फरक पडल्यास त्याचे कारण शोधण्यास समिती नेमावी लागणार नाही.

शर्यतीचे वर्णन गुरुजींनी आल्यावर केले, त्यावरून मॅरेथॉन हे गाव फार मोठे नाही आणि पहाटे तेथे थंडी पुष्कळ असते एवढे समजते. सुरुवातीच्या काही किलोमीटरांवर रस्ता त्या लढाईत पडलेल्या 192 अथेन्सकरांच्या समाधीस वळसा घालतो; मातीचा उंच ढीग आहे, वर गवत आहे. पुढे दहाव्या किलोमीटरानंतर जो चढ लागतो तो एकतिसाव्याच्या आसपास संपतो. हे गुरुजींस अगोदर माहीत होते, पण आमच्या नदीकाठच्या सपाट मुलखात सराव करणाऱ्यास चढ माहीत असणे आणि चढ चढणे यांत जे अंतर आहे, ते त्यांच्या पोटऱ्यांस तेथेच कळले. दुतर्फा लोक उभे राहून ‘ब्राव्हो’ म्हणून ओरडत होते, म्हाताऱ्या बाया ऑलिव्हच्या डहाळ्या हातात देत होत्या. गुरुजींनी एक डहाळी घेतली, आणि बदल्यात काही द्यावे म्हणून खिशात हात घातला तर फुटाणे लागले. त्या बाईने ते निरखून पाहिले, एक तोंडात टाकला, आणि शेजारणीस दुसरा दिला. भाषा येत नसता झालेला हा एवढाच व्यवहार, पण त्याविषयी गुरुजी पदकापेक्षा अधिक वेळ बोलतात. पस्तिसाव्या किलोमीटरानंतर ते चालले, हेही त्यांनी लपविले नाही. कोणीतरी पाठीवर थाप मारली, एक वयस्क जपानी गृहस्थ काही अंतर त्यांच्याबरोबर चालले. दोघांसही एकमेकांचे अक्षर कळत नव्हते, तेव्हा संभाषणात मतभेद झाला नाही. शेवटी संगमरवरी पॅनाथेनाइक क्रीडांगणात, सहा तासांच्या आत, गुरुजी पोहोचले.

गावात सत्कार झाला. शाल, श्रीफळ, आणि ध्वनिक्षेपक. अडचण एवढीच आली की कितवा क्रमांक आला हे जाहीर करणे भाग होते, आणि तो आकडा पाच अंकी होता. सरपंचांनी कागद हातात घेतला, डोळ्यांपासून दूर धरला, पुन्हा जवळ आणला, आणि सभेस सांगितले की मार्कंड्यातून गेलेल्या सर्व स्पर्धकांत आपले गुरुजी पहिले आले आहेत. हे अक्षरशः खरे होते. टाळ्या झाल्या. धानाच्या भावाची चौकशी करावयाची राहून गेली, याबद्दल एका गृहस्थांनी जाहीर नापसंती व्यक्त केली, तीही कार्यवृत्तात नोंदली गेली. भस्माची पुडी गुरुजींनी परत आणली होती. विमानतळावर ती उघडून पाहणाऱ्या अधिकाऱ्यास हे काय आहे ते समजावून सांगण्यात त्यांचा जो वेळ गेला, तो शर्यतीच्या वेळेत धरलेला नाही.

हल्ली तालुक्यातील दोघांनी आणि नदीपलीकडून सावलीच्या एका शिक्षिकाबाईंनी पुढच्या वर्षाकरिता गुरुजींकडे विचारणा केली आहे. वाचकांपैकी कोणास जावयाचे असल्यास त्यांनी पारपत्राचा अर्ज आजच करावा, बँकेच्या खात्यात चार पैसे तीन महिने तसेच राहू द्यावे, आणि कागदपत्रांची संपूर्ण यादी गुरुजींकडून घेऊन जावी. ती ते कोणासही विनामूल्य देतात. फक्त शाळेच्या वेळेत त्यांना गाठू नये. पहाटे साडेचारला चामोर्शीच्या रस्त्यावर ते हमखास भेटतात. मात्र उभे राहून बोलण्याची त्यांची सवय सुटली असल्यामुळे येताना बूट घालून यावे.